पाण्यातले क्षार आणि जिवाणूंचा थर : बायोफिल्मच्या प्रश्नाचा आढावा

आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी खुर्दसारख्या गावात जिवाणूंचा थर निदान तीन ठिकाणी भेटतो. ठिबकच्या लॅटरलचे टोक उघडून पाणी सोडले की आधी तपकिरी, बुळबुळीत गाळ बाहेर येतो. दूध संकलन केंद्रात कूलरच्या व्हॉल्व्हमागे, जिथे ब्रश पोचत नाही, तिथे हाताला गुळगुळीत लागते. टोमॅटोचे निरोगी रोप उपटले तर त्याच्या मुळांवरही तसाच थर असतो, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. पहिले दोन थर शेतकऱ्याला नकोसे वाटतात. तिसऱ्यासाठी मात्र तो पैसे मोजून जिवाणू कल्चरच्या बाटल्या आणतो.

तिन्ही ठिकाणी आहे ती बायोफिल्मच. पृष्ठभागाला चिकटलेले जिवाणू आणि त्यांनीच स्रवलेल्या शर्करा, प्रथिने व डीएनए यांचा चिकट लगदा, असे तिचे साधे वर्णन करता येईल. प्रश्न असा की ही बायोफिल्म बांधायची की नाही, बांधली तर किती जाड आणि किती घट्ट, हे भोवतीच्या पाण्यात काय विरघळले आहे त्यावर किती अवलंबून असते? डिंभे धरणाच्या कालव्याचे पाणी आणि त्याच शिवारातल्या विहिरीचे पाणी सारखे नसते. बेसाल्टच्या भेगांतून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर उतरतात आणि त्याचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ च्या आसपास राहतो. त्यात फर्टिगेशनमधून स्फुरद आणि नत्र मिसळले जाते. एकाच गावातल्या जिवाणूंना किती निरनिराळी रासायनिक घरे मिळतात, हे यावरून लक्षात येईल.

मागची वाट

या प्रश्नाची पहिली नोंद दातांच्या किटणाची आहे. डच निरीक्षक लेव्हेनहुक यांनी १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात स्वतःच्या दातांवरच्या किटणातले सूक्ष्म जीव वर्णिले. व्हिनेगरने चूळ भरली की किटणाच्या बाहेरच्या बाजूचे जीव मरतात, आतले सुरक्षित राहतात, असा निष्कर्षही त्यांनी काढला. तेच रसायन मोकळ्या जिवाणूवर एक परिणाम करते आणि थरातल्या जिवाणूवर दुसरा, हे पुढच्या सगळ्या चर्चेचे मूळ तिथे सापडते.

त्यानंतर बराच काळ सूक्ष्मजीवशास्त्र चंबूत तरंगणाऱ्या, शुद्ध केलेल्या जिवाणूंपुरते राहिले. १९४३ मध्ये क्लॉड झोबेल यांनी समुद्राच्या पाण्यातल्या जिवाणूंवर लिहिताना दाखवले की पाण्यात अन्नांश विरळ असला की जिवाणूंना घन पृष्ठभागाचा फायदा होतो, कारण विरळ अन्नांश काचेच्या भिंतीवर येऊन साचतात. १९७८ मध्ये विल्यम कॉस्टरटन आणि सहकाऱ्यांनी जिवाणू चिकटतात कसे यावर सर्वसामान्य वाचकांसाठी लेख लिहिला, आणि विषयाला स्वतंत्र क्षेत्राचे रूप येऊ लागले. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात विल्यम कॅरॅक्लिस यांच्यासारखे अभियंते पाइपातल्या थराकडे प्रवाह, घर्षण आणि साका यांच्या हिशेबाने पाहत होते. त्यांना जनुकांशी फारसे देणेघेणे नव्हते. जीवशास्त्रज्ञ आणि अभियंते या दोन माहेरांचा फरक आजच्या मतभेदांतही जाणवतो.

१९८७ मध्ये मोशे बेन्झिमन यांच्या गटाने ॲसेटिक आम्ल करणाऱ्या, सेल्युलोजची साय धरणाऱ्या जिवाणूत सायक्लिक डाय-जीएमपी नावाचा छोटा रेणू शोधला. पेशीत हा रेणू वाढला की बहुतेक जिवाणू पोहणे सोडून चिकटायला लागतात, हे पुढे उघड झाले. १९९८ हे वर्ष तर या क्षेत्रात वळणाचे मानले जाते. जॉर्ज ओ'टूल आणि रॉबर्टो कोल्टर यांनी स्युडोमोनास फ्लुओरेसन्सची चिकटू न शकणारी उत्परिवर्ती वाणे वेगळी काढली. गंमत अशी की त्यांतली काही वाणे पाण्यात सायट्रेट, ग्लुटामेट किंवा लोह घातले की पुन्हा चिकटू लागली. थर बांधण्याचा एकच ठरलेला मार्ग नाही, आणि कोणता मार्ग उघडेल हे भोवतालचे रसायन ठरवते, असा त्याचा अर्थ निघाला. त्याच वर्षी जिवाणूंचे आपसांतले रासायनिक संदेश थराच्या रचनेला आवश्यक असल्याचे स्युडोमोनास एरुजिनोसामध्ये दाखवले गेले.

तीन भूमिका

आज या प्रश्नाला दिली जाणारी उत्तरे ढोबळमानाने तीन आहेत.

पहिली भूमिका भौतिक रसायनाची. जिवाणूची पेशी आणि बहुतेक पृष्ठभाग दोघेही ऋणभारित असल्याने एकमेकांना दूर लोटतात. पाण्यात क्षार वाढले की हे लोटणे कमी होते. कॅल्शियमसारखा दोन धनभारांचा आयन तर दोन ऋणभारित साखळ्यांच्या मध्ये बसून पूल बांधतो. कॅरॅक्लिस यांच्या गटाने १९८३ मध्ये फक्त कॅल्शियम ओढून घेणारे रसायन प्रवाहात सोडले, तेव्हा बांधलेला थर सुटून वाहून गेला. जिवाणूने काही ठरवले असे इथे मानावेच लागत नाही.

दुसरी भूमिका संकेताची. या मताप्रमाणे कॅल्शियम, लोह, मॅलिक आम्ल किंवा प्रतिजैविकाचा अल्प अंश ही जिवाणूसाठी बातमी असते. पेशीच्या आवरणातले संवेदक प्रथिन ती ओळखते, सायक्लिक डाय-जीएमपीची पातळी बदलते, आणि चिकट लगदा बनवणारी जनुके चालू किंवा बंद होतात. गेल्या पंचवीस वर्षांतले बहुसंख्य शोधनिबंध या बाजूने लिहिलेले आहेत. त्याचे एक कारण पुराव्याचे बळ हे आहे. दुसरे कारण माझ्या मते असे की एखादे जनुक काढून टाकून उत्तर मिळवणे हे आयनांचा हिशेब मांडण्यापेक्षा प्रयोगशाळेला सोयीचे जाते.

तिसरी भूमिका अन्नाची. नळाच्या पाण्यावर काम करणाऱ्या युरोपातल्या संशोधकांनी ती घडवली. नेदरलँड्समध्ये डिक व्हॅन डर कूय यांनी पाण्यातला सहज पचणारा सेंद्रिय कर्ब मोजून थर किती वाढेल याचा अंदाज बांधण्याची पद्धत रूढ केली. फिनलंडमध्ये मात्र १९९७ मध्ये मिएटिनेन आणि सहकाऱ्यांना दिसले की त्यांच्या पाण्यात कर्ब मुबलक असून अडते ते फॉस्फरसवर. त्याचा किंचित अंश घातला तरी जिवाणू वाढतात. या भूमिकेला चिकटण्याच्या यंत्रणेत फार रस नाही. ज्या घटकाचा तुटवडा आहे तो दिला की थर वाढणारच, असे ती सांगते.

या तिन्हींकडे एकमेकींच्या विरोधी म्हणून पाहण्यापेक्षा वेगवेगळ्या काळाच्या म्हणून पाहणे मला जास्त पटते. पहिल्या काही मिनिटांत आयनांचे चालते, पुढच्या काही तासांत संकेतांचे, आणि आठवड्यांनंतर अन्नाचे. ही वाटणी नीटनेटकी दिसते, पण पूर्ण खरी नाही, कारण कॅल्शियम तिन्ही काळांत हात घालते.

एकच घटक, उलट परिणाम

वाचकाची सर्वात जास्त निराशा इथे होते. अमुक घटक थर वाढवतो आणि तमुक घटक थर रोखतो अशी यादी कुणालाही हवीशी वाटेल, पण ती तयार करता येत नाही.

कॅल्शियमच घ्या. कॉलऱ्याच्या जिवाणूच्या ओ१३९ प्रकारावर २००३ मध्ये झालेल्या कामात समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम थर धरून ठेवते आणि गोड्या पाण्यात तोच थर विखुरतो, असे आढळले. २००९ मध्ये कॉलऱ्याच्याच जिवाणूवर बिलेचेन आणि यिल्दिझ यांनी दाखवले की कॅल्शियम वाढले की थराची जनुके मंदावतात. गायीच्या कासदाहातून मिळालेल्या काही स्टॅफिलोकॉकस ऑरियस वाणांत बॅप नावाचे मोठे चिकट प्रथिन असते. स्पेनमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले की कॅल्शियम या प्रथिनाला बांधले गेले की त्याची चिकटण्याची क्षमता जाते. म्हणजे कॅल्शियमने भरलेल्या दुधात या जिवाणूला आपले खास हत्यार वापरता येऊ नये. तरीही कासदाह होतोच. जिवाणूकडे चिकटण्याचे दुसरे मार्ग आहेत, आणि सामू व कॅल्शियम यांचे प्रमाण जागोजागी बदलते, असे स्पष्टीकरण दिले जाते.

फॉस्फरसची गोष्ट शेतीच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. स्युडोमोनास फ्लुओरेसन्सच्या एका वाणाला फॉस्फेट कमी पडले की तो चिकटवणारे प्रथिन पृष्ठभागावर टिकवू शकत नाही आणि सुटून जातो, हे २००७ मध्ये ओ'टूल यांच्या प्रयोगशाळेने टप्प्याटप्प्याने उलगडले. त्याआधी तीन वर्षे, २००४ मध्ये, झाडांवर गाठी आणणाऱ्या ॲग्रोबॅक्टेरियम ट्युमेफेशियन्समध्ये अगदी उलटे दिसले होते. फॉस्फेट कमी पडले की तो थर जाड करतो. दोन्ही जिवाणू मातीतले, दोन्ही झाडाच्या मुळांशी राहणारे, आणि दोघांतही फॉस्फेट ओळखणारी यंत्रणा जवळपास सारखी.

लोहाचेही तसेच. स्युडोमोनास एरुजिनोसाला लोह मिळाले नाही तर तो एका जागी न थांबता पृष्ठभागावर सरकत राहतो. आपल्या अश्रूंत आणि दुधात असणारे लॅक्टोफेरिन हे लोह पकडणारे प्रथिन याच मार्गाने थर रोखते, हे २००२ मध्ये दाखवले गेले. स्टॅफिलोकॉकस ऑरियस मात्र लोहटंचाईत काही परिस्थितींत जास्त चिकटतो.

दुधाच्या पाइपात

मंचर-अवसरी फाटा हा दुग्धव्यवसायाचा पट्टा असल्याने या भागात या चर्चेला रोजचा संदर्भ आहे. दूध तापवले तरी बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात, आणि पाइपाच्या सांध्यांत ते थर धरतात. इस्रायलमधल्या व्होल्कानी केंद्रात मोशे शेमेश यांच्या गटाने २०१३ ते २०१६ दरम्यान या जिवाणूला दुधातले नेमके काय चेतवते ते शोधले. ब्युटिरिक आम्ल आणि लॅक्टोज हे दुधातलेच घटक बॅसिलसला थर बांधायला लावतात, असे त्यांना आढळले. मॅग्नेशियम मात्र जास्त प्रमाणात दिले तर लगद्याची जनुके मंदावतात. हे प्रमाण दुधात मुळात असते त्याच्या कितीतरी पट आहे, हे इथे विसरून चालणार नाही. दुधात मॅग्नेशियम वाढवून यंत्रसामग्री स्वच्छ ठेवता येईल का, हा विचार आकर्षक असला तरी चव, पोषण आणि खर्च यांची परीक्षा त्याला अजून द्यायची आहे.

व्यवहारात मात्र डेअऱ्या जुन्याच क्रमावर चालतात. गरम कॉस्टिक सोड्याने स्निग्धांश आणि प्रथिने काढायची, मग नायट्रिक आम्लाने मिल्कस्टोन. मिल्कस्टोन म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट आणि तापून जमलेली प्रथिने. धुण्याचे पाणी जड असेल तर कॉस्टिकमुळे कार्बोनेटचा साका बसतो आणि त्या खडबडीत कवचात जिवाणूंना आयता आसरा मिळतो. आधी क्षार बसतात आणि मग जिवाणू येतात, की जिवाणूंचा लगदाच क्षारांना बसायला जागा करून देतो? दोन्ही बाजूंनी पुरावे आहेत, आणि कारखान्याच्या अनुभवावरून एक बाजू ठामपणे निवडता येत नाही.

ठिबकच्या नळीत

ठिबकवाले या प्रश्नाला फार पूर्वीच भिडले. बक्स, नाकायामा आणि गिल्बर्ट यांनी १९७९ मध्ये पाण्याच्या प्रतीवरून ड्रिपर तुंबण्याचा धोका सांगणारा तक्ता दिला, तो आजही वापरात आहे. सामू ७ च्या आत असेल तर धोका कमी, ८ च्या वर असेल तर तीव्र. दर मिलिलिटरला १०,००० जिवाणूंपर्यंत धोका कमी, ५०,००० च्या पुढे तीव्र. तक्त्यात भौतिक, रासायनिक आणि जैविक कारणांचे रकाने वेगळे आहेत, आणि शेतातल्या सल्ल्यातही ते तसेच उतरले. क्षारांसाठी ॲसिड ट्रीटमेंट, शेवाळासाठी क्लोरीन ट्रीटमेंट, गाळासाठी सँड फिल्टर आणि फ्लशिंग.

रकान्यांच्या या भिंती आता पातळ होत आहेत. बीजिंगच्या चायना ॲग्रिकल्चरल युनिव्हर्सिटीत लि युनकाई यांच्या गटाने ड्रिपरमधल्या साक्यावर बरेच काम केले असून तिथे जिवाणूंचा लगदा, गाळाचे कण आणि कार्बोनेट एकत्रच वाढताना दिसतात. २०१६ मध्ये इलाना कोलोडकिन-गाल यांच्या प्रयोगशाळेने बॅसिलसच्या वसाहतीत कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक थराचाच आधार बनतात, असे दाखवले. हे ड्रिपरलाही लागू पडत असेल, तर क्षार आणि शेवाळ हे दोन आजार नसून एकच आहे, आणि दोन औषधांच्या क्रमाला महत्त्व येते.

क्रमाला दुसरेही कारण आहे, आणि त्यावर मात्र फारसा वाद नाही. पाण्यातला क्लोरीन हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो तेव्हा जास्त मारक ठरतो. सामू ६.५ ला साधारण ९० टक्के क्लोरीन या रूपात असतो, ७.५ ला निम्मा, आणि ८.५ ला जेमतेम १० टक्के. विहिरीच्या पाण्याचा सामू न उतरवता सोडलेल्या क्लोरीनचा बराच भाग त्यामुळे वाया जातो. ॲसिड आणि क्लोरीन एकाच टाकीत मात्र कधीच मिसळू नयेत, विषारी वायू सुटतो. ते वेगवेगळ्या टाक्यांतूनच सोडावे लागतात. शिवाय ब्लीचिंग पावडर वापरली तर तिच्याबरोबर कॅल्शियमही नळीत जाते, म्हणजे एका हाताने जिवाणू मारायचे आणि दुसऱ्या हाताने साक्याला कच्चा माल पुरवायचा. क्लोरीन थोडा थोडा सतत द्यावा की ठरावीक दिवसांनी जोरात, यावर अजून एकमत नाही. १९९४ मध्ये डी बीअर आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्म इलेक्ट्रोड थरात खुपसून मोजले, तेव्हा आतला क्लोरीन बाहेरच्याच्या २० टक्क्यांपर्यंतही क्वचितच पोचत होता. थराच्या बाहेरच्या कडाच त्याला खाऊन टाकतात. लेव्हेनहुकच्या व्हिनेगरचे झाले तेच.

मुळांवर

नारायणगावच्या बाजारात येणाऱ्या टोमॅटोच्या मुळांशी ही चर्चा थेट जोडलेली आहे. २०१२ मध्ये हार्वर्डच्या रिचर्ड लोसिक यांच्यासह काम करणाऱ्या चीन-अमेरिकेतल्या गटाने दाखवले की टोमॅटोच्या मुळांतून स्रवणारे मॅलिक आम्ल बॅसिलस सबटिलिसला मुळावर थर बांधायला प्रवृत्त करते, आणि ते ओळखणारे संवेदक प्रथिनही त्यांनी दाखवून दिले. पुढच्याच वर्षी पॅस्कल ब्यूरगार्ड आणि सहकाऱ्यांनी वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनसारख्या शर्करांचाही असाच परिणाम नोंदवला. संकेताच्या भूमिकेला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. पण तिसऱ्या भूमिकेचे लोक विचारतात की या शर्करा संकेत असतात की नुसते खाद्य? ब्यूरगार्ड यांच्या मते दोन्ही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने कळीचा मुद्दा असा की विद्राव्य खतांनी भिजलेल्या मातीत हे नाजूक आम्ल-संकेत किती उरतात. जिवाणू कल्चर एका शेतात लागू पडते आणि शेजारच्या शेतात नाही, या नेहमीच्या तक्रारीचे एक कारण तिथे असू शकेल. वाणाची प्रत, साठवण आणि मातीतले स्पर्धक हीही तितकीच संभाव्य कारणे आहेत.

मारायला जावे तर

सगळ्यात अवघड निष्कर्ष मारक रसायनांबद्दलचे आहेत. २००५ मध्ये हॉफमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की टोब्रामायसिनसारख्या प्रतिजैविकाची मारण्यास अपुरी मात्रा स्युडोमोनास एरुजिनोसाला उलट थर बांधायला लावते. कासदाहात जेंटामायसिन हे त्याच कुळातले औषध वापरले जाते, म्हणून अर्धवट उपचारांबद्दल चिंता व्यक्त होते. मूळ प्रयोग मात्र वेगळ्या जिवाणूवर झाला होता, तेव्हा ती चिंता सध्या अनुमानाच्या पातळीवर आहे.

थर मोडणाऱ्या रेणूंचा इतिहासही सावध करणारा आहे. २०१० मध्ये डी-अमिनो आम्ले बॅसिलसचा थर सोडवतात असा लोसिक व सहकाऱ्यांचा शोध गाजला. २०१३ मध्ये लोसिक यांच्याच प्रयोगशाळेने दाखवले की परिणाम मुख्यतः प्रथिननिर्मितीत होणाऱ्या अडथळ्यामुळे होता, आणि वापरलेल्या वाणातला एक दोष त्याच्या मुळाशी होता. नॉरस्पर्मिडिन हा रेणू थर मोडायला जिवाणू स्वतःच तयार करतो, असे सांगणारा २०१२ चा निबंध २०१५ मध्ये मागे घेतला गेला. नायट्रिक ऑक्साइडच्या अल्प मात्रेने स्युडोमोनासचा थर विखुरतो, ही २००६ मधली नोंद मात्र टिकून आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात बाळू चोपडे यांच्या गटाने चित्रकाच्या अर्कापासून चांदी-सोन्याचे सूक्ष्मकण बनवून थरावर त्यांचा परिणाम तपासला. ते काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा कामांची संख्या मोठी आहे, पण प्रयोगशाळेच्या तबकडीबाहेर पोचलेली थोडीच.

काय उरले आहे

तबकडीचाच प्रश्न सर्वात आधी येतो. ९६ खाचांच्या प्लास्टिकच्या तबकडीत एकाच जातीचा जिवाणू एक-दोन दिवस वाढवायचा, जांभळ्या रंगाने रंगवायचा आणि रंगाची गडदता मोजायची, ही पद्धत स्वस्त आणि जलद आहे. पण ती वाहते पाणी, मिश्र वस्ती आणि महिन्यांचा काळ यांतले काहीच पाहत नाही. कॅल्शियम आणि फॉस्फरसच्या परस्परविरोधी निकालांतला काही भाग या पद्धतीतल्या फरकांचाही असू शकतो. तो किती, हे आज सांगता येत नाही.

दुसरा प्रश्न मिश्र वस्तीचा. पाण्याचे रसायन बदलले की त्याच जिवाणूंचे वागणे बदलते, की वस्तीत कोण टिकणार तेच बदलते? संकेतवाद्यांचे लक्ष पहिल्याकडे असते, अन्नवाद्यांचे दुसऱ्याकडे. डीएनए वाचण्याच्या पद्धतींमुळे दुसऱ्याचा पुरावा झपाट्याने वाढतो आहे, पण नावांची यादी मिळाली म्हणजे यंत्रणा कळली असे होत नाही.

तिसरा प्रश्न आंबेगावच्या शिवारातच उभा आहे आणि प्रयोगशाळांनी त्याला फारसा हात लावलेला नाही. इथे कालव्याचे आवर्तन चालू असते तेव्हा ठिबकमधून कालव्याचे पाणी जाते. आवर्तन बंद झाले की त्याच नळीतून विहिरीचे जड पाणी. थर कधी कमी क्षारांत, कधी जास्त क्षारांत राहतो. पहिल्या भूमिकेप्रमाणे मऊ पाणी आले की कॅल्शियमचे पूल सुटून थर मोकळा व्हायला हवा, समुद्रातून गोड्या पाण्यात आलेल्या कॉलऱ्याच्या जिवाणूसारखा. कार्बोनेटचे कवच एकदा बसले असेल तर मात्र ते मऊ पाण्यातही लवकर विरघळणार नाही. अवसरी खुर्दमध्येच शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे आणि जिवाणूंची ओळख पटवून देणारे राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र पुण्यात आहे. एकाच सरीवर दोन लॅटरल टाकून, एकीला फक्त विहिरीचे आणि दुसरीला आळीपाळीने दोन्ही पाणी देऊन, दर आवर्तनाच्या आधी आणि नंतर ड्रिपर कापून पाहणे याला फार मोठा खर्च येणार नाही. असे मोजमाप हाती येईपर्यंत क्लोरीन आवर्तनाच्या सुरुवातीला द्यावा की शेवटी, याचे उत्तर जो तो आपल्या अनुभवावरून देत राहणार.